फोटो फाटतो, रेघ फाटत नाही

निवडणूक असो की वाढदिवस, फ्लेक्सच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं, ‘हा डीपीवरचा फोटो दहा फुटी करा.’ डिझायनर म्हणतो, ‘फाटेल.’ ‘अहो, कॉम्प्युटरवर काहीही होतं. जरा क्लिअर करून घ्या की!’ काहीही होत नाही, आणि का होत नाही हे प्रत्येकाला कळायला हवं.

पडद्यावरचं चित्र म्हणजे रांगोळीसारखे ओळीने मांडलेले ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पिक्सेल, आणि त्यात लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. त्यांचे आकडे मेमरीच्या ज्या भागात राहतात तो फ्रेम बफर. तो सेकंदाला साधारण ६० वेळा वाचून पडद्यावर उमटवला जातो. आता ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो दहा फुटांवर, म्हणजे १२० इंचांवर ताणा. इंचाला जेमतेम ५ पिक्सेल! प्रत्येक पिक्सेल पाच मिलिमीटरचा चौकोन होतो; हेच ते फाटणं. सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांची सरासरी काढून मधली जागा भरतं, कडा मऊ होतात. पण कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते येणार कुठून? एआयवाली ॲप्स इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने डोळे-नाक रंगवतात. फ्लेक्सवर ते खपून जाईल. सीसीटीव्हीतला पुसट चोर ओळखायला असा चेहरा मुळीच वापरू नये.

मंगळावरच्या एका टेकडीत लोकांना दिसलेल्या ‘चेहऱ्या’चंही हेच. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ यानाने टिपलेल्या त्या टेकडीच्या फोटोत एका पिक्सेलमध्ये चाळीसेक मीटर जमीन मावत होती. पृथ्वीवर येताना थोडी माहिती गळाली, तिथे काळे ठिपके पडले, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी आला. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तीच जागा दीड मीटरला एक पिक्सेल इतक्या बारकाईने टिपली. चेहरा नाहीसा झाला, टेकडी उरली. परग्रहवासीयांच्या कहाण्या मात्र अजून फिरतात.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आखलेला लोगो कितीही मोठा केला तरी फाटत नाही, कारण अशी व्हेक्टर फाइल ठिपके साठवतच नाही. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ’ एवढंच ती सांगते. आकार बदलला की ठिपके नव्याने ठरतात. ते ठरवायचे कसे, याची एक युक्ती मला संगणकशास्त्रातली सगळ्यात देखणी वाटते.

१९६२ साली आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांच्यापुढे एक प्लॉटर, म्हणजे पेनाने कागदावर रेघा काढणारं यंत्र होतं. त्याचं पेन एका वेळी एकच बारीक पाऊल टाकी, तेही आठ दिशांपैकीच एकीकडे. तिरकी रेघ काढायची तर वर कधी चढायचं? समजा, (०,०) पासून (७,३) पर्यंत जायचं आहे: सात पावलं आडवी, त्यांत तीन चढ. दर पावलाला उंची ३/७ ने वाढवत जवळचं घर (ठिपक्याची जागा) शोधता येईल, पण अपूर्णांकांचं गणित त्या काळच्या यंत्रांना फार वेळखाऊ होतं. ब्रेझनहॅम यांनी अपूर्णांकच हद्दपार केले.

सुरुवातीचा आकडा घ्या: चढाची दुप्पट वजा आडवं अंतर, ६ − ७ = −१. आकडा ऋण असेल तर सरळ पुढे जा आणि त्यात ६ मिळवा. धन असेल तर पुढे जाताना एक घर वर चढा आणि ८ वजा करा; आडव्या अंतराच्या दुपटीतून, १४ मधून, ६ गेले की ८ उरतात. चला: −१, सरळ. ५, चढा. −३, सरळ. ३, चढा. −५, सरळ. १, चढा. −७, सरळ. सात पावलं झाली, तीन चढ झाले, आपण (७,३) वर पोचलो आणि आकडा पुन्हा −१!

हा आकडा म्हणजे पुढच्या पावलाला खरी रेघ दोन घरांच्या मध्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे, त्याचं १४ ने गुणलेलं माप. पहिल्या पावलाला खरी उंची ३/७, मध्य १/२, फरक −१/१४. गुणलं की −१. प्रत्येक पावलाची चूक जमाखर्चात राहते, म्हणून पेन रेघेपासून अर्ध्या घरापेक्षा जास्त कधीच ढळत नाही. चढ आडव्या अंतरापेक्षा जास्त असेल तर क्ष आणि य यांची अदलाबदल करायची, बस. फिरत्या हिशेबाला गुणाकार नको, भागाकार नको. बेरीज, वजाबाकी आणि चिन्ह पुरे.

पडद्यावर अशा रेघेच्या पायऱ्या दिसतात. जो पिक्सेल रेघेखाली अर्धवट येतो त्याला फिकट रंग दिला की पायऱ्या डोळ्याला जाणवेनाशा होतात, हेच अँटीअलायझिंग. पडद्यावर म्हणूनच आता इतर रीतीही वापरतात. पण थ्रीडी प्रिंटर आणि सीएनसी (संगणकाच्या हुकमाने कापणारी-कोरणारी) यंत्रं चालवणारी मार्लिन, ग्रबल यांसारखी सॉफ्टवेअरं आपल्या मोटरींची पावलं एकमेकींशी जुळवायला ब्रेझनहॅम यांचाच हिशेब वापरतात.