‘डबल ड्युटी’ मुरली कशी?

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. सांगली जिल्ह्याबरोबर उत्तर कर्नाटकातले पेशंटही इथंच येतात. पेशंट वाढले, पण माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत, की सिस्टरची डबल ड्युटी किंवा निवासी डॉक्टरांचे सलग छत्तीस तास आधी सोय म्हणून सुरू होतात आणि मग रीत होऊन बसतात. वर वरिष्ठांचं ठरलेलं वाक्य असतं, ‘आम्हीपण असंच शिकलो.’

बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या ताणानं माणूस आतून थकून जाण्याचा, अभ्यासही दवाखान्यातच सुरू झाला. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांकडे पाहून. ते स्वतःही त्यांच्यातलेच. जीव ओतून काम करणारेच आधी कोलमडतात, असं त्यांना दिसलं. उठता-बसता ‘सेवा’ म्हणणाऱ्या आपल्या रुग्णालयांना हे झोंबायला हवं.

१९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी बर्नआउट मोजायची प्रश्नावली केली. मन आटणं, पेशंटविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या तीन गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पुढे मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कारणं कामाच्या जागी शोधली: कामाचा बोजा, हातातला अधिकार, कदर, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, मूल्यं. बोजाबद्दल आपल्याकडे निदान बोललं तरी जातं. अधिकाराबद्दल कोणी बोलत नाही. रात्री वॉर्डात औषध संपलं तर नातेवाईक सिस्टरच्या अंगावर येतात, पण खरेदीत तिला कुणी विचारलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाशी जोडलं. तरी आपल्याकडे उपाय म्हणून योगशिबिरच होतं.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रानं १९९२ मध्येच निवासी डॉक्टरांसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत मर्यादाच वर सरकली!

आशाताईंचं तर वेगळंच. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून त्या कागदोपत्री स्वयंसेविका, मोबदला बराचसा कामागणिक. कोरोनात घरोघर फिरल्या त्या याच. त्यांच्या दिवसाला तासच ठरलेले नाहीत, मग जास्त काम करून घेतलं अशी तक्रार त्या कशाच्या जोरावर करणार?