हातमोजे खाली, शिष्यवृत्ती हातची गेली: ज्युनियर आइस हॉकीतल्या मारामारीची पार्श्वभूमी

आइस हॉकीत दोघांनी मारामारीसाठी हातमोजे बर्फावर टाकले की लाइन्समन (सहायक पंच) लगेच मध्ये पडत नाहीत. दोघे दमले किंवा एक जण आडवा झाला, की मग सोडवासोडव होते. या प्रकाराला नियमपुस्तकाचाच आधार आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने १९२२ मध्ये मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा ठरवली, सामन्याबाहेर काढण्याची नाही. थोडक्यात, गुन्हा खरा, पण दंड भरला की मोकळे. हाच हिशेब कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत उतरला. तिथे १६ वर्षांचा पोरगा आणि २० वर्षांचा गडी एकाच रिंकवर असतात.

अमेरिकी कॉलेजांनी दुसरी वाट धरली. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या सामन्यात ठोसे मारले की तो सामना गेला आणि पुढचाही. पुन्हा मारले तर बंदी वाढते. शिवाय हेल्मेटला पूर्ण चेहरा झाकणारं संरक्षण सक्तीचं, त्यामुळे ठोसा मारणाऱ्याचीच बोटं मोडायची भीती. या वाटेवरची मुलं नाजूक असतात, हा समज बरीच वर्षं टिकून होता. तो किती पोकळ आहे हे कॉर्नेल विद्यापीठातून येऊन एनएचएलमध्ये गाजलेला गोलरक्षक केन ड्रायडन याने दाखवलं. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये हर्ब ब्रुक्स यांच्या कॉलेजकुमारांनी तर सोव्हिएत संघालाच हरवलं.

या दोन वाटांमध्ये भिंत होती. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधल्या (ऑन्टॅरिओ, क्यूबेक आणि पश्चिमेकडची) खेळाडूंना दरमहा थोडा भत्ता मिळतो, संघात एनएचएलशी करार झालेली मुलंही असतात. म्हणून एनसीएए त्यांना व्यावसायिक धरी. तिथे साधा सराव सामना खेळला तरी कॉलेजचं, म्हणजे तिथल्या शिष्यवृत्तीचंही, दार बंद! म्हणजे दहावी-अकरावीच्या वयात आयुष्याचा फैसला. स्केटिंग आणि हातात कसब असलेल्याला निदान निवड तरी होती. नुसता थोराड पोरगा असेल, तर मूठ हेच त्याचं भांडवल.

डेरेक बूगार्डचं उदाहरण यापुढे ठेवावं लागतं. सस्कॅचवानमधल्या मेलफर्टचा हा प्रचंड उंच मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात भडकून थेट समोरच्या संघाच्या बाकांत घुसला आणि दिसेल त्याला ठोसे लगावू लागला. रेजायना पॅट्स या ज्युनियर क्लबचे स्काउट (खेळाडू हेरणारे) तिथे हजर होते. कुठल्याही शाळेत त्याला घरी बसवलं असतं; इथे त्याचं नाव क्लबने हेरलेल्या खेळाडूंच्या यादीत गेलं. पुढे तो एनएचएलमधला धास्ती बसवणारा एन्फोर्सर (संघासाठी मारामारी करणारा खेळाडू) झाला आणि मे २०११ मध्ये, २८ व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने गेला. बॉस्टन विद्यापीठातल्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. डोक्यावर वारंवार आघात झालेल्यांमध्ये दिसणारा हा आजार. त्या पहिल्या यादीची जबाबदारी कोणाची, हे मला तरी विचारावंसं वाटतं.

त्याआधीच डिसेंबर २००८ मध्ये ऑन्टॅरिओतल्या एका सीनियर (मोठ्यांच्या) सामन्यात डॉन सँडरसन या २१ वर्षांच्या खेळाडूचं मारामारीत हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं. २ जानेवारी २००९ ला तो गेला. ऑन्टॅरिओच्या ज्युनियर लीगने त्यानंतर मारामारीत हेल्मेट काढण्यावर बंदी घातली, आणि २०१२ पासून एका हंगामात दहापेक्षा जास्त मारामाऱ्या करणाऱ्याला निलंबन लावलं. दहा! पुढे ही मर्यादा तीनवर आणली.

क्यूबेकमध्ये तर मार्च २००८ मध्येच ठिणगी पडली होती. गोलरक्षक जोनाथन रॉय पूर्ण रिंक ओलांडून समोरच्या गोलरक्षकावर धावून गेला. तो लढायला तयारही नव्हता, तरी रॉयने त्याला बडवून काढलं. जोनाथनला सात सामन्यांची बंदी, तर त्याचे वडील आणि प्रशिक्षक पॅट्रिक रॉय यांना पाच. क्यूबेक सरकारने डोळे वटारले, तरी मारामारी केली की सामन्याबाहेर, हा नियम यायला २०२३ उजाडलं. बाकीच्या दोन लीगनी तेव्हा तो उचलला नाही.

ज्युनियर आणि कॉलेज यांच्या मधली भिंत मात्र पडली. एका खेळाडूने ऑगस्ट २०२४ मध्ये एनसीएएवर दावा ठोकला, ७ नोव्हेंबरला एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियरवाल्यांना कॉलेजची दारं उघडली. पश्चिमेकडच्या लीगमधल्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मकेना लगेच पेन स्टेट या अमेरिकी विद्यापीठात गेला. आता अमेरिकी कॉलेजांचे स्काउटही ज्युनियरच्या रिंकवर बसतात, आणि त्यांच्या संघात ठोसेबाजाला जागा नाही.