ढाळजेतला बॉक्स, माजघरातला टीव्ही

औसा तालुक्यातलं आमच्या मावशीचं घर जुनं, माळवदाचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बाहेरच्या भागात, आणि आबांची बाज आता आत माजघरात, कारण गुडघ्यांमुळे त्यांना उंबरे ओलांडवत नाहीत. घरात एक जुना टीव्ही पडून होता. मावशीनं विचारलं, "बाळा, बॉक्स एकच असला तर आत चित्र दिसंल का रे?"

दिसतं. पण आत नेमकं काय पोचतं, हे समजून घेतलं तर पुढची बरीच खरेदी टळते.

मावशीकडे डीडी फ्री डिश आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर साधारण ३५,८०० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला. लातूर जिल्हा सुमारे साडेशहात्तर अंशांवर. हिशोब मांडला तर आपल्याकडून तो जवळजवळ थेट आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येतो. गल्लीतल्या फ्री डिशच्या छत्र्या एकाच कोपऱ्याकडे तोंड करून बसलेल्या दिसतात त्या यामुळे. छत्री तेवढी वर बघताना वाटत नाही, कारण तिचा आकार मुद्दाम तिरका घेतलेला असतो. लहरी वरून येतात आणि खालच्या बाजूनं पुढे आलेल्या दांडीच्या टोकावर गोळा होतात. त्या टोकावरचा डबा म्हणजे एलएनबी.

आकाशातून येणाऱ्या या लहरींची वारंवारता ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, लांबी जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटर. इतक्या उंच वारंवारतेची लहर साध्या केबलमधून नेली तर वाटेतच विरून जाते. म्हणून एलएनबी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खाली उतरवतो आणि मग घरात पाठवतो. त्या केबलमध्ये या क्षणी एका चॅनेलचं नाही, तर कितीतरी चॅनेलांचं मिश्रण वाहत असतं.

बॉक्स त्यातला एक ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाचा पट्टा, पकडतो. एका ट्रान्सपाँडरवर अनेक चॅनेलांची चित्रं आणि आवाज आकड्यांच्या रूपात एकात एक गुंफलेले असतात. त्यातून तुम्ही मागितलेल्या चॅनेलचे आकडे तो वेचतो, उलगडतो आणि त्यांचं चित्र करतो. बॉक्सच्या अलीकडे कितीतरी चॅनेलं आहेत, पलीकडे एकच चित्र. सगळा प्रश्न या एका जागेवर येऊन थांबतो. बॉक्सनंतर वाटलं तर चित्र वाटलं जातं, निवड नाही. आबांना कीर्तन आणि पोरांना क्रिकेट हवं असेल तर बॉक्सच्या आधी वाटावं लागतं, म्हणजे छत्री एक आणि बॉक्स दोन.

तिथं एक चूक फार होते. लातुरातल्या एका ओळखीच्या घरी कारागिरानं एकाच केबलला साधा स्प्लिटर, म्हणजे एकीच्या दोन वाटा करणारा जोड, लावून दोन बॉक्स जोडले होते. एक टीव्ही लावला की दुसऱ्यावरची निम्मी चॅनेलं गायब. महिनाभर बॉक्सला दोष देणं चाललं होतं. खरं कारण असं, की बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पुरवतो आणि त्या विजेतूनच हुकूमही देतो. सुमारे १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. एका बॉक्सनं १३ आणि दुसऱ्यानं १८ मागितले की १८ जिंकतात आणि पहिल्याचं चॅनेल जातं. दोन तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल दिली, की हे भांडण उरत नाही. फ्री डिशला महिन्याचं शुल्क नसल्यानं दुसरा बॉक्स एकदाच विकत घ्यावा लागतो.

आबांना मात्र वेगळं चॅनेल नकोच होतं. ढाळजेत चाललंय तेच आत दिसावं, इतकंच. मला त्यांची ही इच्छा फार जवळची वाटली. भारतात उपग्रह टीव्हीची सुरुवातच अशा वाटून बघण्यानं झाली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा प्रयोग चालला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, आणि गावाला मिळून एक संच. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण आमच्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता.

तर माजघर. बऱ्याच बॉक्सना एचडीएमआय आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची एव्ही अशी दोन्ही तोंडं असतात आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. ढाळजेतला टीव्ही एचडीएमआयवर ठेवला, एव्ही आत नेली. पिवळ्या पिनेतून चित्र जातं, उरलेल्या दोन्हींतून आवाज. एकच पिवळी वायर दुभागून दोन टीव्हींना देऊ नका. दोघांचा भार पडला की सिग्नल दोन तृतीयांशावर येतो आणि चित्र काळवंडतं. ३५ फुटांसाठी बाजारातली बारीक एव्ही वायरही मी घेतली नाही. ती मोटारीच्या, इन्व्हर्टरच्या वायरीजवळून गेली की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. छत्रीला वापरतात तीच ७५ ओहमची जाड केबल पिवळ्या पिनेलाही चालते, तिला फक्त टोकं बदलून लावायची.

एचडीएमआयच लांब न्यायची असेल तर साध्या केबलवर दहाएक मीटरपुढे भरवसा नको. त्यापुढे नेटवर्कच्या केबलवरून चित्र पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या डब्यांच्या जोड्या मिळतात. त्यातल्या काही चित्र पुन्हा आकड्यांत दाबतात आणि उलगडतात, त्यात वेळ जातो. उपग्रहापर्यंत वर आणि तिथून खाली या सत्तर हजारांवर किलोमीटरच्या प्रवासाला पाव सेकंद लागतो. ढाळजेतून माजघरात यायला कधी कधी त्याहून जास्त! बाहेर विकेटचा ओरडा आधी, आत चेंडू नंतर. साध्या तारेवरच्या एव्हीत हा उशीर जाणवतच नाही.

राहिला रिमोट. तो अवरक्त प्रकाश सोडतो, सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणारा. डोळ्याला तो दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की बऱ्याच फोनांवर जांभळट ठिपका उमटतो. मातीच्या भिंतीतून प्रकाश जाणार कसा? त्यासाठी आयआर, म्हणजे अवरक्त, एक्स्टेंडर मिळतो. त्याचा 'डोळा' माजघरातल्या टीव्हीखाली चिकटवला, तिथून बारीक तार ढाळजेत आणली, आणि तिच्या टोकाचा इवलासा दिवा बॉक्सच्या काळ्या काचेवर लावला. डोळ्यानं जे पाहिलं तेच तो दिवा बॉक्सला दाखवतो.

तारा देवळीच्या वरून, तुळईच्या कडेनं नेल्या. आबांनी आतून रिमोट दाबला आणि ढाळजेतलं चॅनेल बदललं. बाहेरून पोरांचा गलका झाला. "आबा, परत लावा की!" आणि आबांनी लगेच परत लावलं.