शीड दुसरं, काम तिसरंच

जुनी होबी-१४ ही शिडाची छोटी बोट चालवणाऱ्याची एक फजिती ठरलेली असते. बोट मजेत पळत असते. वाऱ्याच्या दिशेला ओलांडून पलीकडे वळायचं म्हणून तो सुकाणू फिरवतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बरोबर वाऱ्याच्या तोंडावर येते आणि तिथेच अडते. शीड फडफडतं, बोट मागे सरकायला लागते आणि ट्रॅम्पोलिनवर बसलेली पोरं विचारतात, ‘बाबा, आता काय?’ अशा जुन्या बोटीवर पुढे दुसरं लहान शीड चढवावं का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ही बोट कॅलिफोर्नियातल्या होबी ऑल्टरची. मूळ धंदा सर्फबोर्डचा, त्यामुळे १९६८ साली त्याने आणलेली ही बोटही वाळूवरून ढकलत थेट लाटांत घालण्याजोगी होती. दोन अरुंद नावा, मध्ये बसायला ताणलेलं कापड (तेच ट्रॅम्पोलिन), १४ फूट लांबी, ११० किलोंच्या आसपास वजन आणि ११८ चौरस फुटांचं एकच शीड. अशा जोडनावेला कॅटमरान म्हणतात. शब्द तमिळ, ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेलं लाकूड. खरा कट्टुमरम् ओंडक्यांचा तराफा असतो, त्याला दोन नावा नसतात. आपली उलांडीची, म्हणजे बाजूला तोलासाठी लाकूड जोडलेली, होडी त्यापेक्षा जवळची नातलग म्हणायची.

वळताना बोट अडते ती हलकेपणामुळे. वाऱ्याच्या सरळ तोंडावर कोणतंच शीड ओढत नाही. एका बाजूच्या साधारण ४५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ४५ अंशांपर्यंतचा टप्पा नुसत्या गतीच्या जोरावर पार करावा लागतो. वजनदार बोटीकडे हा जोर शिल्लक असतो, होबीकडे नसतो. त्यात दोन लांब नावा एकमेकींपासून दूर, म्हणजे बाहेरच्या नावेला मोठा वळसा. शिवाय एकटं मोठं शीड घट्ट ओढलेलं असलं की ते वातकुक्कुटाच्या, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याच्या, शेपटीसारखं वागतं आणि नाळेला वाऱ्याच्या तोंडावरच धरून ठेवतं.

इथे जिब, म्हणजे डोलकाठीच्या पुढचं लहान तिकोनी शीड, कामाला येतं. वळताना त्याचा दोर लगेच सोडायचा नाही. नाळ वाऱ्यावर आली की वारा जिबला उलट्या बाजूने भिडतो आणि नाळेला पलीकडे ढकलतो. जिब बोटीच्या अगदी पुढे असल्याने तरफेचा दांडा लांब मिळतो, म्हणून थोडं कापडही पुरतं.

वेगही वाढतो, पण त्याचं जे कारण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. दोन शिडांमधल्या फटीतून हवा चिंचोळ्या नळीतल्यासारखी जोरात घुसते, असं म्हणत. आर्वेल जेन्ट्री हा विमानांच्या वायुगतिकीचा अभ्यासक आणि शिडाच्या बोटींचा शौकीन. १९७०च्या दशकात त्याने वीजवाहक कागदावर हवेच्या प्रवाहरेषा काढून पाहिल्या आणि चित्र उलटंच निघालं. जिब लावल्यावर फटीतून जाणारी हवा घटते. बरीचशी हवा जिबच्या बाहेरून वळसा घेते आणि तिथे वेग घेते. मोठ्या शिडाच्या पुढच्या कडेवरचा प्रवाह मंदावतो, म्हणून तो शिडापासून सुटत नाही. मोठं शीडही परतफेड करतं. त्याच्यामुळे वारा आधीच थोडा वळून जिबपर्यंत पोचतो आणि जिबला सोयीचा कोन मिळतो. जिबच्या पुढे हवा घुसळणारी जाड डोलकाठीही नसते. म्हणून चौरस फुटामागे जिब जास्त ओढतं. मोठ्या शिडाच्या वाट्याला मात्र जरा प्रतिकूल कोन येतो, ते बोटीच्या मध्यरेषेकडे आणखी ओढून घ्यावं लागतं.

होबीने स्वतःच ‘टर्बो’ नावाने जिबवाली १४ विकली, तेव्हा कल्पना काही जुगाडाची नाही. पण जुन्या बोटीवर जिब चढवण्याआधी मी तरी कापडापेक्षा तारा आधी बघेन. मूळ बोटीत पुढच्या तारेला फक्त डोलकाठी धरायची असते. आता तिच्यावर शिडाची ओढ येते आणि दोन्ही नाळांना जोडणाऱ्या तारांतून नावांपर्यंत पोचते. तारेचा एखादा धागा तुटलेला दिसला तरी तार बदलावी. नावांचा वरचा पृष्ठभाग तळव्याने दाबून पाहावा. फायबरग्लासच्या थरांमध्ये फोम असतो. तो सुटला असेल तर पृष्ठभाग दबतो आणि ठोकल्यावर बद्द आवाज येतो. जिबमुळे ओढीचा मध्य पुढे सरकतो, तो सावरण्यासाठी डोलकाठी थोडी आणखी मागे कलती ठेवतात.

एक दुखणं मात्र जिबने जात नाही. या बोटीच्या नाळा बारीक आहेत. जोराच्या वाऱ्यात वाऱ्याच्या आडोशाची नाळ पाण्यात घुसते आणि बोट पुढे कोलांटी खाऊ शकते. ओढ वाढली की ही भीतीही वाढते. म्हणून मंडळींना मागे बसवायचं आणि जिब गुंडाळता येणारं घ्यायचं. लाटांवर पांढरे फेस दिसू लागले की दोर ओढून ते गुंडाळून टाकायचं. मग पोरांना वळणावर पुन्हा बाबांची फजिती बघायला मिळेल, तेवढं चालेल.