पार्श्वभूमी : आफ्रिकन मूर्ती दिवाणखान्यात कशा आल्या

फ्रान्समधल्या एका वृद्ध जोडप्यानं 2021 मध्ये घर आवरताना एक लाकडी मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला 150 युरोंना विकला. मार्च 2022 मध्ये माँपेलियेच्या लिलावात त्याच मुखवट्यावर 42 लाख युरोंची बोली लागली. जोडपं न्यायालयात गेलं. मागोमाग गॅबॉन सरकारनंही दावा पुढे केला. डिसेंबर 2023 मध्ये आलेसच्या न्यायालयानं दोघांचंही म्हणणं फेटाळलं.

मुखवटा होता गॅबॉन आणि आसपासच्या भागातल्या फांग लोकांच्या 'न्गिल' संघटनेचा. न्यायनिवाडा करणं आणि चेटूक हुडकून काढणं हे या संघटनेचं काम. वसाहतीच्या अमलाखाली तिच्यावर बंदी आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती मोडली. असे अस्सल मुखवटे आज जेमतेम डझनभर आहेत. दुर्मिळता हे किमतीचं एक कारण झालंच. पण 1900 साली असा मुखवटा पॅरिसच्या बाजारात आला असता, तर त्याला कुणी कवडी दिली नसती.

त्या काळी अशा वस्तू पॅरिसच्या त्रोकादेरोतल्या मानववंश संग्रहालयात भाले, टोपल्या, होड्या यांच्या गर्दीत पडून असत. 1906 मध्ये चित्रकार मातिसनं एका दुकानातून काँगो भागातल्या विली लोकांची छोटी मूर्ती घेतली. त्याच वर्षी चित्रकार देराँनं आपला चित्रकारमित्र व्लामँककडून फांग मुखवटा विकत घेतला. 1907 मध्ये पिकासो त्रोकादेरोत गेला. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. बाजार उभा करण्याचं श्रेय मात्र चित्रकारांपेक्षा व्यापाऱ्यांना जास्त जातं, आणि त्यात सगळ्यांत वर पॉल गियोम. मोटार गॅरेजमध्ये नोकरी करणारा हा तरुण काही वर्षांत पॅरिसचा बडा कलाव्यापारी झाला. 1914 मध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रकार स्टीग्लिट्झच्या '291' दालनात आफ्रिकन लाकडी शिल्पांचं प्रदर्शन भरलं, त्यातल्या मूर्ती त्यानंच पुरवल्या होत्या. शिल्पं 'कला' म्हणून मांडली होती खरी, पण प्रदर्शनाच्या नावात 'रानटी' हा शब्द होताच. पुढच्या वर्षी जर्मनीत कलासमीक्षक कार्ल आइनस्टाइननं आफ्रिकन शिल्पावर पुस्तक काढलं. त्यातल्या छायाचित्रांखाली गाव, जमात, उपयोग यातलं काहीच छापलेलं नव्हतं. आकारच तेवढा बघा, असा आग्रह.

हा आग्रह पुढे वस्तूंच्या अंगावर आला. फांगांच्या 'ब्येरी' मूर्ती मुळात सालीच्या गोल डब्यावर बसवलेल्या असत. डब्यात पूर्वजांच्या कवट्या, वर त्यांची राखण करणारी मूर्ती. गॅबॉनमधल्याच कोटा लोकांच्या पितळ-तांब्याचे पत्रे मढवलेल्या मूर्ती अस्थींच्या टोपलीत रोवून बांधलेल्या असत. यातली मूर्ती युरोपात आली, डबा आणि टोपली मागे राहिली किंवा फेकली गेली. मुखवट्यांची राफियाची (ताडासारख्या झाडाच्या तंतूंची) दाढी आणि अंगभर वेष काढला, रंग खरवडले, वर मेणाचं पॉलिश चढवलं. मग मूर्ती उभी करायला खाली बैठक, म्हणजे चौथरा, आली. 1906 मध्ये पॅरिसला आलेला जपानी कारागीर किचिझो इनागाकी यानं बनवलेल्या लाकडी बैठका गियोमसारखे व्यापारी वापरत. नाचताना, रात्री मशालीच्या उजेडात दिसणारी वस्तू आता एका जागी ठेवून, एका बाजूनं, दिव्याखाली बघायची झाली. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं सुमारे 600 वस्तू मांडून ही नजर पक्की केली. त्यांची छायाचित्रकार वॉकर इव्हान्सनं काढलेली 477 छायाचित्रं संच करून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनाही पाठवली गेली.

करणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या जागी बाळगणाऱ्याचं नाव बसलं. कॅमेरूनमधली 'बांग्वा राणी' ही मूर्ती बर्लिनच्या संग्रहालयातून व्यापाऱ्यांकडे, तिथून सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका हेलेना रुबिनस्टाइन यांच्याकडे गेली. छायाचित्रकार मॅन रेनं तिचे फोटो काढले. 1990 मध्ये ती सुमारे 34 लाख डॉलरला विकली गेली. या रकमेत शिल्प किती आणि रुबिनस्टाइन किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. वास्तविक नावं विचारली असती तर मिळत होती. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ हान्स हिमेलहेबरनं 1930च्या दशकात आयव्हरी कोस्टमधल्या शिल्पकारांना भेटून ती नोंदवलीही. नायजेरियातला योरुबा शिल्पकार ओलोवे हा तर 1938 पर्यंत हयात होता. त्यानं इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेला दरवाजा 1924 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात होता. ब्रिटिश म्युझियमनं तो ठेवून घेतला आणि बदल्यात राजाला इंग्रजी बनावटीचं सिंहासन दिलं.

किमती चढल्या तसा बनावट मालही आला. त्याविरुद्धची तपासणी मात्र नेमकी त्या काढून टाकलेल्या भागांपाशी सुरू होते. कोटा मूर्तीचा खालचा चौकटीसारखा भाग टोपलीत दडलेला असे, म्हणून तिथे झीज, बांधल्याच्या खुणा, कुजलेलं लाकूड दिसायला हवं. वरखाली सारखीच लखलखीत असेल तर सोडून द्यावी. मुखवटा आधी उलटा करावा. कपाळ, नाक, हनुवटी टेकते तिथे आतली बाजू घामानं काळवंडून गुळगुळीत झालेली असते. आतून सगळीकडे एकसारखा काळा रंग म्हणजे बहुधा लावलेला. कडेच्या भोकांना दोरीनं घासल्याची झीज हवी. किड्यांची भोकं गोल असतील तर ठीक. पृष्ठभागावर उघड्या पन्हळी धावत असतील तर किडलेलं लाकूड नंतर कोरलंय. कार्बन चाचणीवर फार विसंबू नये. 1650 ते 1950 या काळासाठी तिचं उत्तर मोघम येतं. शिवाय ती लाकडाचं वय सांगते, कोरण्याचं नाही. 1950च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, त्यानंतर तोडलेलं झाड मात्र ती पकडते. आणि तेल पाझरून चिकट झालेली ब्येरी 'स्वच्छ' करायला कधीच देऊ नये. पुसलं जातं ते पुरावा आणि किंमत, दोन्ही.

राहता राहिली कागदपत्रं : जुना लिलाव-कॅटलॉग, संग्रहालयाचा क्रमांक, तारखेचा फोटो. इनागाकीची मोहोर असलेली बैठकही पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण बैठक सुटी असते, आणि जुन्या बैठकीवर नवी मूर्ती बसवायला एक खुंटी पुरते. म्हणून मूर्तीच्या तळाचं भोक आणि खुंटी एकमेकांची आहेत का, एकाच भोकाशेजारी दुसरं बुजवलेलं भोक तर नाही ना, हे मूर्ती उचलूनच पाहावं लागतं.