अटक
अटक हे पश्चिम घाटातलं रानफळाचं झाड, घाट सोडून जगात दुसरीकडे कुठे आपणहून उगवत नाही. काही जण चंपेर पण म्हणतात. शास्त्रीय नाव फ्लाकोर्शिया मोंटाना, त्यातलं मोंटाना म्हणजे डोंगरातलं. हे नाव जॉन ग्रॅहमच्या १८३९ च्या मुंबईकडच्या झाडांच्या कॅटलॉगातलं, आणि फ्लाकोर्शिया म्हणाल तर सतराव्या शतकात मादागास्करला गव्हर्नर असलेल्या फ्लाकूर नावाच्या फ्रेंच माणसावरून.

गोव्यात ते बघायचं तर सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात शिरावं लागतं, पणजी-म्हापशाच्या बाजारात विचारलंत तर बहुतेक जगमां दाखवतील. जगम त्याच्याच कुळातलं, पण ते परसात लावतात आणि पिकलं की काळपट जांभळं होतं, अटक मात्र लालभडक. हा घोळ कायमचाच आहे, फोटो टाकला की अर्धे लोक जगम म्हणणार.

ओळखायची खरी खूण खोडावर. काटे साधे नसतात, एका काट्यातून दुसरा, त्यातून तिसरा असे फुटलेले, झुबक्यांनी. त्यामुळे पोरं वर चढत नाहीत, खाली पडलेली वेचतात नाहीतर फांदी आकड्याने ओढतात. फळ करवंदाएवढं, आंबटगोड, जरा तुरट. तुरटपणा जायला ते दोन तळव्यांत धरून हलकेच चोळायचं, साल न फोडता, आतला गर मऊ झाला की मग तोंडात टाकायचं. आत बिया असतात, त्या थुंकत बसावं लागतं. एकदा डबाभर घेऊन निघालो तर वाळपईला पोचेपर्यंत निम्म्याचा लगदा झाला होता, म्हणून हे झाडाखालीच खायचं फळ असं माझं मत.

फुलं हिवाळ्यात, बारीक, पाकळ्याच नाहीत त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. फळं उन्हाळ्यात, काजूच्या सीझनच्या आसपास. नर आणि मादी झाड वेगळं असतं, हे माहीत नसलं की माणूस एकच रोप आणून लावतो आणि वर्षानुवर्षं वाट बघत बसतो, नर निघाला तर फळ कधीच नाही आणि मादी निघाली तरी जवळपास नर हवाच. रानात शेकरू, माकडं, पक्षी फळं खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. कोवळी पालवी लालसर असते, त्यावर कॉमन लेपर्ड नावाचं काळ्या ठिपक्यांचं केशरी फुलपाखरू अंडी घालतं, तेव्हा पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणी करू नका, त्याच्याच अळ्या असतील.