‘जळगावनी डिग्री कोन इचारस?’

निकाल लागला की अमळनेर-चाळीसगावकडच्या घरांत हे वाक्य ऐकू येतंच. पुण्याची पदवी ती खरी, आपल्या विद्यापीठाची म्हणजे दुय्यम. एमपीएससीला तर चालतच नाही, असं सांगणारेही भेटतात.

चालते. एमपीएससी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागते, शहराचं नाव नाही. पुणे आणि जळगाव, दोन्ही राज्य सार्वजनिक विद्यापीठं, दोघांना कायदा एकच: 2016चा.

गैरसमजाचं मूळ वडिलांच्या ट्रंकेत सापडतं. 1990पर्यंत खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे धुळ्यात शिकलेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावरही नाव पुण्याचं! त्या वर्षी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, जळगाव, धुळे आणि आताचा नंदुरबार त्याकडे आले. 2018मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं. कॉलेज तेच, कागदावरचं नाव बदललं, आणि लोकांनी भाव उतरवला.

पुण्याचं वजन खोटं नाही. जुने विभाग, कंपन्या, क्लासेस तिथे आहेत. पण पुणे विद्यापीठाला जोडलेलं एखाद्या आडगावातलं कॉलेज म्हणजे पुणे नव्हे, हे फॉर्म भरताना कुणी बघत नाही. उलट बांभोरीच्या बाजूला, जळगाव विद्यापीठाच्या आवारातच केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे. तेल, रंग, प्लास्टिक शिकायचं असेल तर चटईचे कारखाने आणि तेलगिरण्या इथेच जवळ आहेत. मग खोलीभाडं भरून पुण्याला जायचं ते नेमकं कशासाठी, एवढं पोराला विचारा.